इटलीत नवीन आहे. वरच्या मजल्यावरच्या आजी राजकारण विचारतात, काय उत्तर द्यावं?

कोयनाकाठ | १८ मे २०२५

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

नवऱ्याच्या नोकरीमुळे जानेवारीत आम्ही लेक्कोला आलो. मिलानहून गाडीने पाऊण तास. एका अंगाला कोमो सरोवराचा फाटा, दुसऱ्या अंगाला घराच्या गच्चीवर येऊन टेकतील असे कडे. मी कराडची, त्यामुळे पाणी आणि डोंगर दिसले की निम्मा जीव भांड्यात पडतो. उरलेला निम्मा अजून हवेतच आहे.

इथल्या बहुतेक घरांना तीनच किलोवॉटचं कनेक्शन असतं, हे मला पुरणाने शिकवलं. होळीच्या दिवशी पाण्याचा बॉयलर, वॉशिंग मशीन आणि मिक्सर एकदम चालू केले आणि सगळं ठप्प. मीटर तळघरात, तळघराला कुलूप आणि किल्ली वरच्या मजल्यावरच्या आजींकडे. अशी आमची ओळख झाली. पुरणपोळी त्यांना आवडली, फक्त आत डाळ आहे हे सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं.

आता मुद्दा. ८ आणि ९ जूनला इथे सार्वमत आहे. पाच प्रश्नांपैकी एक आमच्यासारख्यांबद्दलचा: युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला नागरिकत्वाचा अर्ज करायला सलग दहा वर्षं इथे राहावं लागतं, ती पाच करावीत का? परवा जिन्यात आजींनी थेट विचारलं, "तुला काय वाटतं?" मी गडबडले आणि त्यांनीच शिकवलेला शब्द त्यांच्यावर टाकला: "बो." (म्हणजे आपलं "काय की बाई", खांदे उडवून म्हणायचं.) आजी हसल्या, पण समाधान झालेलं दिसलं नाही.

नवरा म्हणतो, आपण पाहुणे, यात पडू नये. मला वाटतं, प्रश्न माझ्याबद्दल आहे आणि मीच "बो" म्हणायचं? तुम्ही नव्या देशात राजकारणावर बोलता का? इटलीतले बाकी अनुभवही लिहा. डोंगरांबद्दल तर नक्की लिहा, रोज समोर दिसतात आणि अजून एकावरही गेले नाहीये.

---

चहाबाज | १८ मे

वाचनखूण साठवली. "बो" हा शब्द महाराष्ट्रातल्या तमाम नवरेमंडळींना तातडीने शिकवला पाहिजे. दोन अक्षरांत केवढी सुरक्षितता.

---

मुक्काम_पादोव्हा | १८ मे

ताई, स्वागत. मी इथे एमएस करतोय, दुसरं वर्ष.

राजकारणात पडू नये हे दादांचं म्हणणं ऐकायला छान आहे, पण राजकारण आपल्यात पडतं त्याचं काय? विद्यार्थी म्हणून उतरल्यापासून कामाच्या आठ दिवसांत पेर्मेसोचा, म्हणजे राहण्याच्या परवान्याचा अर्ज करायचा. पोस्टातून जाडजूड पाकीट आणायचं, फॉर्म भरायचे, १६ युरोचं मुद्रांक तिकीट चिकटवायचं आणि पोस्टाची पावती जिवापाड जपायची. मग पोलीस कचेरीत बोटांचे ठसे. आमच्या वर्गातल्या एकाला ठशांची तारीख सात महिन्यांनंतरची मिळाली. कार्ड हातात आलं तेव्हा मुदत संपायला पाच आठवडे उरले होते. त्याने त्याच दुपारी नूतनीकरणाचं पाकीट आणलं. तोवर पावती हाच त्याचा आधार, पासपोर्ट आणि कुलदैवत.

आरोग्यसेवेत नाव घालायचं तर विद्यार्थ्यांना २०२३ पर्यंत वर्षाला साधारण १५० युरो पडायचे. २०२४ पासून ७००. हे कुणीतरी संसदेत हात वर करून ठरवलं ना? मग मी त्यावर बोलणारच. भले ऐकणारा माझा रूममेट असेल आणि तो हेडफोन लावून बसलेला असेल.

---

शंकासुर | १९ मे

वेगळं मत मांडतो, रागावू नका. चार महिने झालेत तुम्हाला. भाषा धड येत नाही, इतिहास माहीत नाही. कुणी चार महिन्यांपूर्वी साताऱ्यात आलेला माणूस आपल्याला झेडपी कशी चालवावी हे सांगू लागला तर चालेल? मुंबईत बाहेरून आलेल्यांनी काय बोलावं आणि काय नाही, यावर याच संस्थळावर पाच-पाचशे प्रतिसादांचे धागे आहेत. तिथे मुठी आवळणारे आयडी इथे "बिनधास्त बोला" म्हणतील, वाट बघतोय.

---

लिंबू_सरबत | १९ मे

शंकासुर, नेमक्या जागी टाचणी टोचलीत. त्या धाग्यावर मुठी आवळणाऱ्यांत मीही होते आणि आता सात वर्षं बोलोन्यात "बाहेरची" म्हणून राहतेय. तेव्हाचे माझे प्रतिसाद कृपया कुणी उकरू नयेत.

पण एक फरक बघा. आजींनी विचारलं आहे. न विचारता झेडपीबद्दल सल्ला देणं वेगळं आणि समोरच्याने प्रश्न केल्यावर तोंड मिटून बसणं वेगळं. दुसरं जास्त उद्धट दिसतं.

---

तोरिनोकर | १९ मे

तोरिनोत १९ वर्षं झाली, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी सार्वमताबद्दल. हे कायदा रद्द करण्याचं सार्वमत आहे. त्यात निम्म्याहून जास्त मतदार आलेच नाहीत तर निकाल काहीही लागो, तो बाद. म्हणून ज्यांना "नाही" हवंय ते "नाही" म्हणायला जात नाहीत, समुद्रावर जातात. सरकारातले पक्षही या वेळी हेच सुचवतायत. हा खेळ समजून घेतलात तर आजींचा प्रश्न दुहेरी आहे हे लक्षात येईल: तुला काय वाटतं, आणि मी जावं का.

दहा वर्षांचा नियम १९९२ च्या कायद्यातला. दहा वर्षं म्हणजे दहाच, असंही नाही. अर्जाचा निकाल लावायला सरकारला दोन वर्षं, ती तीनपर्यंत वाढवता येतात. वर बी१ पातळीची भाषा, उत्पन्नाचे कागद. माझी मोठी मुलगी इथेच जन्मली, इथल्या बोलीत शिव्या देते, तरी अठरा पूर्ण झाल्याशिवाय ती स्वतः मागू शकत नाही. दुसरीकडे, पणजोबा इटलीतून अर्जेंटिनाला गेले एवढ्यावर, इथे कधी पाऊल न ठेवलेल्यांना पासपोर्ट मिळत होता. तो दरवाजा यंदा मार्चमध्ये अरुंद केला, आता साधारण आजी-आजोबांपर्यंतच.

मेलोनीबाईंचं सरकार आलं २०२२ च्या ऑक्टोबरात. देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान. स्थलांतरावर भाषण कडक. पण याच सरकारने २०२३ ते २०२५ या तीन वर्षांत ४,५२,००० परदेशी कामगारांचा कोटा काढला, कारण द्राक्षं तोडायला आणि म्हाताऱ्यांना सांभाळायला माणूस नाही. भाषण एका टोपीतून, माणसं दुसऱ्या टोपीतून. आपल्याला हा प्रकार नवीन आहे का?

आणि कोयनाकाठ, भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. पाच काय नि दहा काय, निळा पासपोर्ट परत करायची वेळ येते तेव्हा हात थरथरतो. मी अजून केलेला नाही. पाच वर्षांनी मिळणारा दीर्घ मुदतीचा परवाना घेऊन बसलोय. त्यात सगळं आहे, फक्त मत नाही.

---

अनुस्वार | २० मे

तोरिनोकर, उत्तम माहिती. माझं दुःख फार खालच्या पातळीवरचं आहे, पण लिहिते, कारण ते फक्त मराठी बायकांनाच कळेल.

इथे प्रत्येकाला सोळा अक्षर-अंकांचा कोदिचे फिस्काले मिळतो. आडनावाची तीन अक्षरं, नावाची तीन, जन्मसालाचे दोन आकडे, महिन्याचं एक अक्षर, मग जन्मतारीख. बायकांच्या तारखेत चाळीस मिळवतात, म्हणजे १२ तारखेला जन्मलेली बाई ५२. पुढे जन्मस्थान, भारतात जन्मलेल्या सगळ्यांना झेड २२२. शेवटी एक पडताळणीचं अक्षर. सगळं सूत्राने, सुंदर.

पण माझ्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात माझं नाव आणि नवऱ्याचं नाव जोडून आहे. सूत्र दोन्हींची व्यंजनं एकत्र धरतं. एका कार्यालयाने नवऱ्यासकट धरलं, दुसऱ्याने नवरा गाळला. दोन कोड, दोन बायका. आणि इथल्या इटालियन बायका लग्नानंतरही स्वतःचंच आडनाव लावतात! दवाखान्यात माझं नाव म्हणून नवऱ्याचं नाव पुकारतात, मी उठते आणि सगळे मिशीवाल्या बाप्याची वाट बघत असतात.

---

चहाबाज | २० मे

अनुस्वार, दंडवत. "दोन कोड, दोन बायका" यावर नवऱ्याची प्रतिक्रिया काय होती?

---

अनुस्वार | २० मे

"बो."

---

पोळपाट | २१ मे

डाळ बघून काळजीत पडलेल्या आजींना उलट प्रश्न विचारा. लिगुरियात फारिनाता मिळते ती काय असते? बेसन, पाणी, मीठ, तेल, मोठ्या परातीत भट्टीत भाजलेलं जाड धिरडं. सिसिलीतले पानेल्ले म्हणजे तळलेल्या पिठल्याच्या वड्या. दुकानात "फारिना दी चेची" मागा, ते बेसन. "सेमोलिनो" म्हणजे रवा, उपमा फर्मास होतो. चपातीसाठी बांगलादेशी दुकानातूनच पीठ आणा, इथलं गव्हाचं पीठ घेतलंत तर पोळीऐवजी चिवट रुमाल लाटला जातो.

शाकाहारी असाल तर दोन सूचना. पेपेरोनी पिझ्झा मागवला तर इंग्रजीतल्यासारखं मांस नाही, ढोबळी मिरची येते, इथे तरी इंग्रजीच्या उलटी गंगा आपल्या बाजूने वाहते. पण परमेसान चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असतं, नियमानेच. माझ्या जैन मैत्रिणीने हे दोन वर्षांनी वाचलं आणि आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. तिला खाऊ मी घातलं होतं.

---

काऊन_बे | २१ मे

नागपूरहून वाचून राह्यलो. इथं ४५ डिग्री आहे अन् तुम्ही सार्वमत सार्वमत करून राह्यले. डोंगराचं लिहा न कोणीतरी, थंड वाटंल.

---

घाटवाट | २२ मे

बोलावलंत, आलो. बेर्गामोत सहा वर्षं, त्याआधी दर शनिवारी सह्याद्रीत.

कोयनाकाठ, तुमच्या खिडकीतून करवतीसारखा दातेरी डोंगर दिसत असेल तो रेझेगोने. नावाचा अर्थच मोठी करवत. १,८७५ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून सव्वादोनशेच जास्त. पिआनी देर्नापर्यंत रोपवे आहे, तिथून चढा. पहिल्यासाठी उत्तम.

इथे पाट्या किलोमीटर सांगत नाहीत, तास सांगतात. दोन तास म्हणजे मध्यम चालीच्या माणसाचे दोन तास. आपल्याकडे गावातले मामा "हे काय, पाच मिन्टावर" म्हणतात आणि आपण अडीच तास चालतो, तसलं काही नाही. झाडांवर-दगडांवर लाल-पांढऱ्या पट्ट्या असतात, त्या सोडायच्या नाहीत. वाटांना श्रेणी असते: टी म्हणजे फिरायला, ई म्हणजे ट्रेकरची, डबल ई म्हणजे सराव असलेल्याची आणि त्यापुढे ए लागला की लोखंडी दोर, हेल्मेट, हार्नेस. डोलोमाइट्समधले असे कितीतरी दोर-शिड्या पहिल्या महायुद्धात सैनिकांनी कड्यावर चढायला ठोकले होते. आज तिथे लोक सुट्टीत फोटो काढतात.

इटालियन अल्पाइन क्लबचं सभासदत्व घ्या. १८६३ पासूनची संस्था आहे, पर्वतावरच्या धर्मशाळेत मुक्कामाला सवलत मिळते आणि बचावकार्याचा विमा त्यातच येतो. मुक्कामाला चादरीची पिशवी आपली न्यायची. संकटात ११२.

आणि सर्वांत आवडलेली गोष्ट: खाली शहरात अनोळखी माणसाला "लेई" म्हणायचं, म्हणजे अहो-जाहो. वर डोंगरात एका उंचीनंतर सगळे "तू"वर येतात. समोरून सत्तरीचा माणूस आला तरी "चाव, कुठून आलास?" पहिल्यांदा मला कानकोंडं झालं होतं. तुमच्या राजकारणाच्या प्रश्नाचं उत्तर मला बहुधा तिथेच मिळालं असतं. वर गेलं की लोक काहीही विचारतात आणि काहीही सांगतात.

---

कातळकडा | २२ मे

नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड केलेल्याला हे असले पाट्या लावलेले डोंगर म्हणजे बागेतली फेरीच. अल्प्सचं उगाच कौतुक होतं.

---

घाटवाट | २२ मे

कातळकडा, नळीची वाट मीही केलीय आणि हेच वाक्य मीही म्हटलंय. २०२० च्या एप्रिलात नाही (तेव्हा दाराबाहेर पडायला बंदी होती), त्याच्या पुढच्या वर्षी. लेक्कोजवळच्याच ग्रिन्येत्तावर गेलो. उंची २,२०० मीटरच्याही आत. खाली प्रिमरोज फुललेले, टी-शर्टवर लोक. मी साध्या स्पोर्ट्स शूजमध्ये. वरच्या घळीत सावलीला बर्फ होता, रात्री गोठून काचेसारखा झालेला. चढताना टाचा रोवत गेलो, उतरताना पहिल्याच पावलाला घसरलो. वीसेक मीटर. एका झुडपाने धरलं म्हणून आज प्रतिसाद टंकतोय. मागून येणाऱ्या बाईंनी बुटांना काटे लावले होते. त्यांनी मला एक-एक पायरी खणून खाली आणलं आणि तासभर बोलणी ऐकवली. तेव्हा भाषा निम्मीच कळत होती, पण आई बोलते तो सूर सगळीकडे सारखाच.

सह्याद्री पावसात जिवावर उठतो हे आपल्याला माहीत असतं. इथला डोंगर ऊन पडलेलं असताना उठतो. उन्हाळ्यात दुपारनंतर विजा, म्हणून पहाटे निघा आणि दुपारच्या आत माथा सोडा. आणि काही प्रांतांत, इजा नसताना हेलिकॉप्टर बोलावलंत तर बिल घरी येतं.

---

कातळकडा | २३ मे

मान्य. शब्द मागे. काटे कुठले घ्यावेत ते व्यक्तिगत निरोपाने कळवा.

---

लिंबू_सरबत | २३ मे

वारा आणि इटालियन यावर कुणीच कसं लिहिलं नाही? "कोल्पो दारिया", म्हणजे वाऱ्याचा झटका, हे या देशातल्या निम्म्या आजारांचं कारण आहे. मान धरली, वारा. पोट दुखलं, वारा. ओले केस घेऊन बाहेर पडलीस? बस. माझी सासू साताऱ्याहून फोनवर "कान बांध" म्हणते आणि शेजारीण इथे गळ्याला मफलर गुंडाळते. या दोघींची एकमेकींशी गाठ घालून द्यायची माझी इच्छा आहे.

---

चहाबाज | २३ मे

आणि बिडे, म्हणजे शौचानंतर पाण्याने धुवायचं बेसिन! इथे १९७५ पासून घरात बिडे असणं कायद्याने सक्तीचं आहे. युरोपात हा एकच देश आपल्याला खऱ्या अर्थाने समजून घेतो, एवढंच बोलून थांबतो.

---

मडगावचो | २५ मे

मी गोंयचा, आता ब्रेशाजवळ. मजा सांगतो. माझे आजोबा पोर्तुगीज राजवटीत जन्मले, त्या आधाराने माझा पोर्तुगीज पासपोर्ट झाला. म्हणून मी इथे युरोपीय संघाचा नागरिक. गेल्या वर्षी नाव नोंदवून इथल्या महापौराच्या निवडणुकीत मत दिलं. दीड वर्ष झालं होतं येऊन, भाषा मोडकी.

माझ्या कारखान्यातला पंजाबी फोरमन तेवीस वर्षं इथे आहे. त्याची पोरं इथल्या शाळेत, कर भरतो, कारखान्यातले निम्मे इटालियन त्याच्याकडून काम शिकलेले. त्याला मत नाही. मी मतदान केंद्रातून बाहेर आलो तेव्हा तो मला घ्यायला गाडी घेऊन उभा होता. शंकासुरबाब, तुमचा चार महिन्यांचा हिशेब मला पटतो. पण तेवीस वर्षांचा कोण करणार?

---

शंकासुर | २५ मे

याला माझ्याकडे उत्तर नाही.

---

तोरिनोकर | २६ मे

मडगावचो, पंजाब्यांचा विषय निघालाच आहे तर. पो नदीच्या खोऱ्यात गाई राखणारे, दूध काढणारे कितीतरी जण शीख आहेत. पोळपाटताईंच्या परमेसानचा मोठा भाग त्यांच्या हातून जातो. रेज्जो एमिलियाजवळ नोव्हेल्लाराला २००० सालापासून मोठा गुरुद्वारा आहे.

आणि रोमच्या दक्षिणेला लातिनाच्या शेतांत दुसरी बाजू आहे. गेल्या वर्षी जूनमध्ये तिथे एका भारतीय शेतमजुराचा हात यंत्रात तुटला आणि त्याला दवाखान्यात न्यायच्या ऐवजी घराच्या दारात टाकून दिलं. तो वाचला नाही. कागद नव्हते त्याच्याकडे. मुकादमांकडून मजूर पिळण्याविरुद्ध २०१६ पासून कडक कायदा आहे, तरी हे झालं. त्या आठवड्यात लातिनात मोर्चा निघाला, त्यात पगड्याही होत्या आणि इटालियन कामगार संघटनांचे लाल झेंडेही. "आपण पाहुणे" म्हणणाऱ्यांनी त्या मजुराला पाहुणा म्हणून दाखवावं.

---

कोयनाकाठ | १० जून २०२५

मंडळी, निकाल लागला. मतदान जेमतेम ३० टक्के, सगळं बाद. मेलोनीबाई मतदान केंद्रावर गेल्या, पण मतपत्रिका घेतल्याच नाहीत. तोरिनोकरांनी सांगितलं तस्संच. आमच्या प्रश्नाला तर आलेल्यांपैकीही साधारण तिसऱ्या हिश्श्याने "नाही" म्हटलंय. बाकीच्या चार प्रश्नांपेक्षा हे खूपच जास्त. त्याचं जरा लागलं.

आजींचं सांगते. तुमचे प्रतिसाद वाचून शनिवारी धीर केला. लिंबू घेऊन आल्या होत्या, त्यांना बसवलं, चहा केला (आल्याचा, नाक मुरडून संपवला) आणि मोडक्यातोडक्या भाषेत म्हटलं, मला पाच वर्षं बरोबर वाटतात. दहा वर्षांत माझी मुलगी शाळा संपवेल.

आजी थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, मी १९६१ मध्ये कालाब्रियाहून आले. तेव्हा उत्तरेत घरांच्या दारावर पाट्या असायच्या, "दक्षिणेकडच्यांना भाड्याने मिळणार नाही." नवऱ्याला कारखान्यात काम होतं, पण पहिलं वर्ष एका खोलीत तीन कुटुंबं. माझ्या बोलण्यावर बेकरीत हसायचे. मी इटालियनच होते गं, पासपोर्ट काढायची गरज नव्हती. तरी मला इथली व्हायला दहापेक्षा जास्तच लागली.

रविवारी संध्याकाळी नटून मतदानाला गेल्या. परत आल्यावर मी जिन्यात विचारलं, काय दिलंत? म्हणाल्या, "मत गुप्त असतं."

मला तीन आठवडे छळून!

---

चहाबाज | १० जून

आजींना संस्थळाचं मानद सभासदत्व द्या.

---

जुनं_खोड | १४ जून

उशिरा आलो. वय ७६, माणगाव तालुक्यात राहतो, इटलीला एकदाच गेलोय. पण "मराठी माणूस इटलीत पाहुणा" हे वाचून राहवलं नाही.

नाईक यशवंत घाडगे आमच्या भागातले. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये. १० जुलै १९४४ ला तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर मशीनगन सुरू झाली, ते एकटे सोडून बाकी सगळे पडले किंवा जखमी झाले. ते सरळ धावत गेले, हातबाँब टाकला, एकाला गोळी घातली. काडतुसं भरायला वेळ नव्हता म्हणून बंदूक उलटी धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने लोळवलं. मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर. पुढच्या एप्रिलात सेनियो नदीवर नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव यांनाही तो मिळाला, ते जिवंत परतले.

पेरुजाजवळ मोंतोने गावात २०२३ मध्ये घाडग्यांचं स्मारक झालं. पुतळा नाही, सूर्यघड्याळ आहे. मुलाने मला तिथे नेलं. दुपारची वेळ, गावात चिटपाखरू नाही, सगळे झोपलेले. मी सावली कुठल्या आकड्यावर आहे ते बघत बसलो. एक म्हातारा आला, आम्हाला एकमेकांची भाषा येईना. मी घाडग्यांच्या नावाकडे आणि मग स्वतःकडे बोट दाखवलं. त्याने टोपी काढली.

मुलीला सांगा, बोल म्हणावं.

---

घाटवाट | १४ जून

आजोबा, नमस्कार. पुढच्या सुट्टीत मोंतोने.

---

कोयनाकाठ | १९ ऑगस्ट २०२५

रेझेगोने झाला! १५ ऑगस्टला इथे फेरागोस्तो असतो, सगळा देश बंद. आपला स्वातंत्र्यदिन आणि त्यांची सुट्टी एकाच दिवशी, म्हणून तोच मुहूर्त धरला. पहाटे निघालो, दुपारच्या आत माथ्यावर. पाटीने सांगितलेला वेळ आम्हाला दीडपट लागला (मध्यम चालीचा माणूस म्हणजे नक्की कोण?). माथ्यावर मोठा लोखंडी क्रूस आहे, खाली आमची बिल्डिंग काडेपेटीएवढी. धर्मशाळेत पोलेंता (मक्याच्या पिठाचं पिठलं) खाल्ला. घाटवाट, खरंच सगळे "तू" म्हणतात. एका काकांनी विचारलं, मोदी की कोण ते, तुला कसे वाटतात? नवरा म्हणाला, "बो."

---

कोयनाकाठ | ७ ऑक्टोबर २०२५

धागा वर काढतेय, कारण मी इटलीत मतदान केलं!

घाबरू नका, बिल्डिंगच्या सभेत. घरमालक मिलानला असतात, त्यांनी सभेची चिठ्ठी पुढे पाठवली आणि खाली लिहिलं, हीटिंगच्या मुद्द्यावर मत तुमचं, माझं नाही. मला वाटलं थट्टा. आजींनी समजावलं: १९७८ चा कायदा आहे, हीटिंग कसं चालवायचं आणि त्याचा खर्च यावर मालकाऐवजी भाडेकरू मत देतो.

आमच्या भागात हीटिंग १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल, दिवसाला जास्तीत जास्त १४ तास, तेही पहाटे पाच ते रात्री अकराच्या मधलेच. मग कुठले चौदा? यावर अडीच तास चर्चा. तळमजल्यावरचे एक गृहस्थ उभं राहून बोलत होते, दुसरे त्यांना बसा म्हणत होते, दोघी बायका २०१९ च्या लिफ्टदुरुस्तीवर भांडत होत्या. मला एकदम कराडच्या सोसायटीत आल्यासारखं वाटलं. मत डोक्याबरोबरच घराच्या हिश्श्यावरही मोजतात, हजारात किती ते. आमचं घर ४१. म्हणजे हजारातलं ४१ इटली माझं.

मी हात वर करून सांगितलं, रात्री अकरापर्यंत ठेवा, मुलगी अभ्यास करते. बोलताना दोन चुका झाल्या, कुणी हसलं नाही. आजी पहाटे पाचच्या बाजूने होत्या, त्या पाचला उठतात. त्या जिंकल्या.

जिना चढताना म्हणाल्या, "पुढच्या वर्षी आधी सगळ्यांच्या घरी पोळ्या पाठव, मग मत माग."

---

शंकासुर | ७ ऑक्टोबर

या आजी कालाब्रियाच्या की बारामतीच्या?

---

तोरिनोकर | ८ ऑक्टोबर

१९ वर्षांत मला हा कायदा माहीत नव्हता. आमची सभा २० तारखेला आहे. कोयनाकाठ, पोळ्यांची कृती इथेच टाका. प्रमाण चाळीस घरांसाठी.

---

पोळपाट | ८ ऑक्टोबर

आणि मिक्सर लावण्याआधी बॉयलर बंद करा.